आधी पावसात जागा पाहतात, मग नकाशा काढतात : लॅन्डस्केप सर्व्हिस, ४ स्टार

साकोली तालुक्यात आमचं गावचं घर आहे, समोर पाऊण एकर मोकळी जागा अन् तिच्यापलीकडे आमची बोडी (शेतातलं छोटं तळं) आणि धानाच्या बांध्या. चार वर्षाआधी शहरातल्या एका ठेकेदाराकडून तिथं बाग करून घेतली होती. मोबाईलवर थ्रीडी फोटो दाखवले, लॉन, रॉयल पामची रांग, मधात कारंजं, बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पावणेदोन लाख गेले. मे महिन्यात बोअर अर्ध्या तासात हवा ओढायला लागला, लॉन जळून गेलं, आणि जुलैमध्ये पेव्हरचा उतार घराकडे असल्यामुळे सगळं पाणी छपरीत. आजी तर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तो ठेकेदार जुना आंबाही तोडायचा म्हणत होता, तिनंच तोडू दिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात ह्या लॅन्डस्केपवाल्या मॅडमना बोलावलं. पहिल्या व्हिजिटचे ३,००० रुपये घेतले आणि काहीच काढून दिलं नाही, मला राग आला होता खरं सांगतो. त्यांच्यासोबतचे मिस्त्री काका एवढंच म्हणाले, "भाऊ, पानी कोठून येते अन् कोठी जाते ते पयले पाहू द्या." मग आर्द्रा लागल्यावर भर पावसात परत आले, छत्री घेऊन तीन तास फिरले, खुंट्या ठोकल्या, जिथं पाणी थांबतं तिथं चुना टाकला. नकाशा त्यानंतर.

छपरीत चहा घेता घेता मॅडमनी जुन्या बागांच्या गोष्टी सांगितल्या, त्या मला फार पटल्या म्हणून लिहून राहिलो. इंग्लंडात हम्फ्री रेप्टन नावाचा बागा आखणारा होता (१७५२ ते १८१८). तो जमीनदाराच्या जागेवर जाऊन फिरायचा आणि लाल चामड्याच्या वहीत जलरंगाची चित्रं काढून द्यायचा, चित्रावर कागदाची झडप, झडप बंद असली की आजची जागा, उघडली की उद्याची. आमच्या थ्रीडी फोटोत नेमकं हेच नव्हतं ना, त्यात आजची जागाच नव्हती! आंबा नाही, बोडी नाही, समोरून जाणारी गुरं नाहीत.

व्हर्सायच्या राजवाड्यातल्या बागेचंही ऐकून मी थक्क झालो. फ्रान्सचा राजा, १६८४ साली सेन नदीचं पाणी दीडशे मीटरपेक्षा वर चढवायला १४ चाकांचं यंत्र बसवलं, तरी सगळी कारंजी एकाच वेळी चालायला पाणी पुरत नव्हतं, राजा जिकडे जाईल तिकडचं कारंजं शिटी वाजवून सुरू करायचे. आणि आपण दोन इंची बोअरवर कारंजं लावून बसलो. उलट इंग्लंडातल्या स्टोरहेडच्या बागेत १७५० च्या आसपास दरीतला ओढा अडवून तळं केलं आणि सगळी बाग त्या तळ्याभोवती फिरते. आपल्या भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी हेच केलेलं आहे, उतार पाहून पाळ घातली, तलावाखाली धान. मालगुजारी (इकडची जुनी जमीनदारी) १९५१ ला गेली पण ते तलाव अजून पाणी देतात. एवढं शिक्षण घराशेजारी असताना आम्ही रॉयल पाम लावत होतो, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

काम काय केलं ते सांगतो. अर्धे पेव्हर काढून मुरूम टाकला, उतार बोडीकडे वळवला. लॉन नाहीच. फाटकापासूनची वाट सरळ घराकडे न आणता आंब्याकडून वळवली, आंब्याला पार बांधला, आता दुपारी सगळं गाव तिथंच बसतं. बहावा, बेहडा, मोह, कवठ लावले. आणि मला सगळ्यात आवडलं ते कुंपण. तारेऐवजी चर खणला चार फूट, बागेकडची बाजू दगडाची सरळ भिंत, बाहेरची बाजू उताराची. गुरं उतरतात पण भिंत चढत नाहीत, आणि छपरीत बसलं की मधात काहीच आडवं येत नाही, नजर थेट बांध्यांवर जाते. इंग्लंडातल्या जुन्या इस्टेटींमध्ये असे चर असायचे, त्याला हा-हा म्हणतात. आमच्याकडे तोच चर पावसाचं पाणी बोडीत नेतो.

एक स्टार का कापला, तर पहिल्याच पोळ्याच्या आठवड्यात चराचा उताराचा भाग दहा फूट ढासळला, माती कन्हार (काळी चिकण) आहे, उतार जास्त सपाट ठेवायला पाहिजे होता. फुकटात करून दिलं पण तीन आठवडे लागले आणि तोवर फोनवर नीट उत्तर मिळत नव्हतं. लहान लेकरं असतील तर चराच्या काठाशी दाट काहीतरी लावूनच घ्या, आम्ही नंतर गवती चहा अन् करवंद लावलं, ते त्यांनीच आधी सुचवायला पाहिजे होतं.

एकूण ३ लाख ४० हजार लागले, त्यात चराचा दगड सगळ्यात महाग. ह्या मे महिन्यात बोअरवर बागेसाठी फक्त एक दिवसाआड वीस मिनिटं मोटर चालवली, तेही नवीन रोपांसाठी. घाई असेल तर ह्यांना बोलावू नका, दिवाळीला पाहुणे येणार म्हणून बाग पाहिजे असेल तर हे करून देत नाहीत, मला स्पष्ट सांगितलं होतं. मोहाला फुलं यायला वर्षानुवर्षं लागतील, आजीला ते माहीत आहे, तरी रोज सकाळी तीच पाणी घालते. मागची सांदवाडी अजून बाकी आहे, त्याची पहिली व्हिजिट मृगात ठरली आहे.