माती मोजावी की वाट बांधावी? मोंटानातल्या दोन उन्हाळी इंटर्नशिप

नोव्हेंबर उजाडला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो. पर्यावरण, वनशास्त्र किंवा मृदाशास्त्राचं दुसरं-तिसरं वर्ष, आणि समोर दोन अर्ज. एक माती-पाहणीच्या टीमचा, दुसरा ट्रेल क्रूचा, म्हणजे डोंगरातल्या पायवाटा बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या टोळीचा. दोन्ही अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या उत्तर भागातल्या सरकारी जमिनीवरचे. कुठला भरू? मी पहिल्या उन्हाळ्यात माती-पाहणी केली, दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रेलवर गेलो, आणि तिसऱ्यांदा दोन्हीकडून बोलावणं आलं तेव्हा पुन्हा ट्रेलच निवडला. माझा कल त्यातून कळतोच, तरी मातीच्या कामाची बाजूही नीट मांडतो.

आधी एक अडचण सांगून टाकतो, कारण ती उशिरा कळली की फार वाईट वाटतं. या जागा बऱ्याचदा अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेतून भरल्या जातात आणि तिथे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. स्टुडंट व्हिसावर असाल तर विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या माती-प्रकल्पांकडे वळलेलं बरं. शिवाय २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकॉर्प्सची बरीच अनुदानं मधेच थांबली होती. त्यामुळे मुलाखतीत पैसे नक्की कुठून येणार आहेत, हे संकोच न करता विचारा.

माती-पाहणीचं काम हायवे २ च्या पट्ट्यात, म्हणजे हाव्हर, माल्टा, ग्लासगो या गावांच्या आजूबाजूला. गवताळ माळरान, सेजची झुडपं, आणि मिझुरी नदीकडे उतरणाऱ्या फुटलेल्या घळी. मोंटानात सुमारे ८० लाख एकर जमीन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन-खात्याकडे आहे, तिची ठरावीक पद्धतीने तपासणी चालते. कुठे थांबायचं ते संगणकाने आधीच निवडलेलं असतं. ट्रकने जमेल तितकं जायचं, पुढे पायी. मग मधल्या खुंटीपासून चाकाच्या आऱ्यांसारख्या २५-२५ मीटरच्या तीन टेपा ताणायच्या आणि दर अर्ध्या मीटरवर बारीक सळई सोडून ती कशाला लागली ते बोलायचं: गवत, पालापाचोळा, उघडी माती. जोडीदार ते टॅबलेटवर नोंदवतो. दिवसभर हेच.

त्यातला मला मनापासून आवडलेला भाग मातीच्या स्थैर्याच्या चाचणीचा. अठरा खाचांचा प्लास्टिकचा डबा असतो, प्रत्येक खाचेत छोटी चाळणी आणि डिस्टिल्ड वॉटर. हरभऱ्याएवढं ढेकूळ चाळणीवर ठेवून पाण्यात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. काही ढेकळं पाच सेकंदांत विरघळून तळाला गाळ होतात. काही पाच मिनिटं तशीच बसतात, वर पाच वेळा चाळणी बुचकळली तरी हलत नाहीत. एकाच माळावर, दहा पावलांच्या अंतरावर, एक माती एक गुण घेते आणि दुसरी सहा. मुळांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी धरलेली माती म्हणजे काय, हे मला कुठल्याही वर्गापेक्षा त्या डब्याने जास्त शिकवलं. खड्डा खणून थर वाचणं, ओल्या मातीची फीत बोटांनी काढून चिकणमातीचं प्रमाण सांगणं, हेही तिथेच हातात बसलं. पुढे मृदसंधारणाच्या सरकारी नोकरीकडे किंवा संशोधनाकडे जायचं असेल, तर ही इंटर्नशिप अर्जावर वजनदार दिसते. त्याबद्दल माझा काहीच वाद नाही.

ट्रेलचं काम पश्चिमेला, डोंगरात. मी बॉब मार्शल वाइल्डरनेसमध्ये होतो, कायद्याने राखलेलं सुमारे १० लाख एकरांचं रान. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे आत मोटारीवर चालणारं काहीही चालत नाही, त्यामुळे वाटेवर पडलेली झाडं दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापायची. मुख्य हत्यार पुलास्की: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. १९१० च्या वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या रेंजरचं नाव त्याला आहे. आठ-दहा दिवस आत राहायचं, मग काही दिवस सुट्टी. सामान बरंचसं खेचरांवर येतं. ग्रिझली अस्वलांचा मुलूख असल्यामुळे वास येणारी प्रत्येक गोष्ट, अगदी आईने दिलेलं मेतकूटसुद्धा, रात्री अस्वल-पेटीत ठेवावी लागते. स्वयंपाक सामायिक असतो आणि शाकाहारी माणसाचं अडत नाही.

लोकांना वाटतं ट्रेल म्हणजे झाडं तोडणं. खरं तर निम्म्याहून जास्त काम पाण्याचं आहे. वाट चांगली बनवली की ती दरीच्या बाजूला किंचित कललेली असते, पाणी आडवं येतं आणि आडवंच निघून जातं. पण माणसं आणि घोडी मधोमध चालतात, माती दबते, सुटलेली माती बाहेरच्या कडेला साचत जाते आणि तिथे वरंबा चढतो. एकदा वरंबा चढला की वाटेची सरी होते. मग डोंगराचं सगळं पाणी त्या सरीतून धावतं आणि चार-पाच वर्षांत गुडघाभर घळ पडते. आपलं काम तो वरंबा उतरवायचा आणि ठरावीक अंतरावर पाण्याला बाहेरची वाट काढून द्यायची. माण तालुक्यात उतारावरचे समपातळी चर ज्याने पाहिलेत त्याला यातलं गणित सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तिथे पाणी अडवायचं असतं, इथे वाटेवरून लवकर उतरवायचं.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो: पाऊस.

माळरानावरच्या मातीला तिकडे गंबो म्हणतात. ती बेंटोनाइटची, म्हणजे आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली. मराठवाड्यात पावसाळ्यात वावरात गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. दहा पावलांत बूट दोन-दोन किलोचे होतात. ट्रक घातला तर चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की त्या वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांचेच पुढे ओघळ होतात. म्हणून पाऊस आला की काम बंद, आणि ते बरोबरच आहे. पण त्या भागात मे आणि जून हेच पावसाचे महिने. माझ्या पहिल्या जूनमध्ये आम्ही सलग चार दिवस खोलीत बसून होतो. खिडकीतून समोरच्या टेकडीवरून राखाडी पाणी उतरताना दिसत होतं. ज्या धुपेसाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो ती डोळ्यांसमोर चालली होती आणि आम्ही जुन्या नोंदींच्या रकान्यांतल्या चुका दुरुस्त करत होतो. रस्ते वाळल्यावर पुन्हा सळया सोडायला गेलो, तेव्हा पाणी निघून गेलेलं होतं. नव्या ओघळाची नोंद झाली, पण तिथे दोन दगड लावायला परवानगी नव्हती. मोजणीच्या जागेत ढवळाढवळ केली तर पुढच्या मोजणीला अर्थ राहत नाही. कारण पटत होतं. तरी हात शिवशिवत राहायचे.

पुढच्या जुलैत बॉब मार्शलमध्ये एका दुपारी गारांसकट पाऊस आला. गडगडाट पुढे सरकल्यावर आमच्या क्रू लीडरने रेनकोट घालायला लावून सगळ्यांना तंबूतून बाहेर काढलं आणि आदल्या दिवशी काढलेल्या चरांपाशी नेलं. वाटेवरून पाणी येत होतं, पुढे स्प्रूस झाडाची सुईसारखी पानं ढकलत. चरापाशी आलं, थबकलं, अर्धं बाहेर वळलं आणि अर्धं सरळ खाली गेलं. तिने बुटाच्या टाचेने बाहेरची कड चार बोटं खरवडली. सगळं पाणी वळलं. मला आजोबा आठवले. पहिल्या पावसात गोणपाटाची खोळ घेऊन ते बांधावर जायचे, बाकीचे घरात पळत असताना. पाणी कुठे फोडतंय ते पाऊस चालू असतानाच दिसतं, असं म्हणायचे.

हा माझा अनुभव. एखाद्या कोरड्या वर्षी माळावर गेलात तर कदाचित एकही दिवस वाया जाणार नाही. पाठीचा त्रास असेल, घरच्यांशी रोज बोलल्याशिवाय चैन पडत नसेल, किंवा आकड्यांत खरोखर रमत असाल, तर माती-पाहणीच घ्या. त्या कामाला धीर लागतो आणि तो धीर असलेली माणसं कमी आहेत. दोन उन्हाळे हाताशी असतील तर माझाच क्रम ठेवा, कारण मातीचा डबा आधी पाहिला असला की ट्रेलवर कुदळ कुठे मारायची ते लवकर उमगतं. एकच उन्हाळा असेल, तर मी ट्रेलचा अर्ज आधी भरेन.

त्यासाठी चामड्याचे उंच बूट फेब्रुवारीतच घ्या आणि रोज तासभर घालून चाला. नवे बूट घेऊन आलेल्या आमच्यातल्या दोघांचे पहिले आठ दिवस टाचांना पट्ट्या लावण्यात गेले.