रात्रीच्या ट्रेकला कुठलं हेल्मेट, आणि त्यावर कुठला दिवा?

दर पावसाळ्याआधी ग्रुपमधलं कुणीतरी विचारतं, "दादा, हेल्मेट कुठलं घेऊ?" पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा दुसरा प्रश्न येतो, "हेडलॅम्प कुठला घेऊ?" माझं कळकळीचं सांगणं आहे, की हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवू नका. रात्री डोक्यावर दोन्ही मिळून एकच वजन असतं. दुकानात ट्यूबलाइटखाली झकास बसलेलं हेल्मेट, त्यावर दिवा अडकवला आणि नळीच्या (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीच्या) वाटेत पाय ठेवायला जागा शोधत मान खाली घातली, की भुवयांवर उतरतं. मग माणूस एका हाताने हेल्मेट मागे सारत घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, उतरतो. तो हात कातळावर हवा असतो.

आधी घरात पडलेली हेल्मेटं बाजूला काढू. बाइकचं नको. ते किलोभर किंवा त्याहून जड असतं आणि कान झाकतं. वरच्या माणसाने "दगड!" म्हणून दिलेली हाक ऐकू आली नाही तर डोक्यावर काय आहे याला फार अर्थ उरत नाही. सायकलचं हेल्मेट रस्त्यावर पडण्याच्या हिशोबाने केलेलं असतं, वरून येणाऱ्या टोकदार दगडासाठी नाही.

खरा घोळ होतो तो बांधकामावरच्या पिवळ्या हेल्मेटचा. तेही वरून पडणाऱ्या वस्तूसाठीच असतं, स्वस्त असतं, मग काय वाईट? वाईट आहे तो हनुवटीचा पट्टा. कारखान्यातल्या हेल्मेटच्या ईएन ३९७ या युरोपीय मानकानुसार हा पट्टा १५० ते २५० न्यूटन, म्हणजे साधारण १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटावाच लागतो. हेल्मेट कुठे अडकलं तर कामगाराला गळफास बसू नये, हा त्यामागचा विचार. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मानकात नेमकं उलटं आहे. तिथे पट्ट्याने ५०० न्यूटनची ओढ सोसायची असते, कारण पडताना माणूस दोन-तीनदा आपटतो आणि पहिल्या आपटीनंतरही हेल्मेट डोक्यावर राहायला हवं.

माझ्या पहिल्या रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरायला) मी असंच उसनं पिवळं हेल्मेट घालून गेलो होतो. कड्याच्या पोटात पाय निसटला, दोरावर झोका बसला, खांदा कातळावर आदळला आणि हेल्मेट निघून गेलं. खाली दगडादगडावर त्याचा ठण् ठण् आवाज बराच वेळ येत राहिला. मी उघड्या डोक्याने दोराला लटकून तो ऐकत होतो. त्या दिवसापासून खरेदी करताना मी आतलं लेबल आधी वाचतो. ईएन १२४९२ किंवा यूआयएए १०६ (यूआयएए म्हणजे गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना) यांपैकी एक तरी लिहिलेलं हवं. या चाचणीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात आणि डोक्यापर्यंत पोचणारा जोर १० किलोन्यूटनच्या आत राहतो का ते बघतात. यूआयएएची मर्यादा त्याहून कडक, ८ किलोन्यूटन.

कडक कवच की फोम

आता खरी निवड. एकीकडे एबीएस प्लॅस्टिकच्या कडक कवचाची हेल्मेटं, पेट्झलचं बोरिओ किंवा ब्लॅक डायमंडचं हाफ डोम यांच्या जातीची. वजन ३०० ग्रॅमच्या आगेमागे. दुसरीकडे जवळजवळ सगळं फोमचंच असलेलं, पेट्झलच्याच सिरोक्कोसारखं, १६०-१७० ग्रॅमचं. किंमत जवळपास दुप्पट.

हातात घेतलं की फोमचंच आवडतं. चैत्र-वैशाखात चढताना ते डोक्यावर आहे हेही विसरायला होतं, हवा खेळती राहते, घाम डोळ्यांत कमी येतो. पण आपल्याकडे हेल्मेट कसं वापरलं जातं ते बघा. एसटीच्या टपावर टाकलेल्या सॅकला बाहेरून बांधलेलं असतं, मुक्कामाला कुणीतरी त्यावर बसतं, धुराड्यासारख्या अरुंद फटीत ते बसाल्टवर खरवडत जातं. कडक कवच हे सगळं सोसतं. फोमला खोक पडते. त्यातही फरक आहे: ईपीपी फोम दबून बऱ्यापैकी परत येतो, ईपीएस (टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्याच कुळातला) एकदा चेपला की चेपला, आणि आतली चीर वरून दिसतेच असं नाही.

रात्रीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानात लक्षात येत नाही. हेल्मेट जितकं हलकं, तितकं दिव्याचं वजन त्याला पुढे झुकवतं. १६० ग्रॅमच्या हेल्मेटच्या कपाळाशी ९० ग्रॅमचा दिवा म्हणजे हेल्मेटच्या निम्म्याहून जास्त वजन एका टोकाला. शिवाय हलक्या हेल्मेटांत मागे फिरवायच्या चाकाऐवजी बऱ्याचदा नुसती पातळ पट्टी असते. रात्री दोन वाजता, ओल्या हातमोज्यांनी, ती पट्टी ओढून घट्ट करून बघा. चाक दोन बोटांनी फिरतं.

म्हणून पहिलं हेल्मेट घेत असाल तर कडक कवचाचं, मागे चाक असलेलंच घ्या. वर्षातले महिनाभर तरी हिमालयात असता, दिवसा लांब चढाया करता आणि सामान जपून वापरता, तर फोमचं घेतल्याचा पस्तावा होणार नाही.

दिवा: एका डबीतला की मागे बॅटरीचा

एका डबीतला म्हणजे तीन बारीक सेल पुढेच असलेला, १०० ग्रॅमच्या आतला. मागे बॅटरीचा त्याच्या दुप्पट भरतो, पण गंमत अशी की तासाभराने मान कमी दुखते. हेल्मेटवरचा दिवा कपाळापासून दोन-तीन बोटं पुढे असतो आणि तिथलं वजन सगळा वेळ मानेला खाली ओढतं. मागच्या बॅटरीने तोल साधतो.

पण घ्यायच्या आधी पाठीवर भरलेली सॅक चढवून वर बघा. सॅकचं टोपण मागच्या डबीला ठोकतं आणि हेल्मेट नाकावर येतं. शिडी चढताना किंवा पुढचा कातळटप्पा न्याहाळताना हे दर मिनिटाला होतं. उंच सॅक घेऊन मुक्कामी ट्रेक करणाऱ्याला एका डबीतलाच बरा. छोटी पाठपिशवी घेऊन रात्रभर शोधकार्यात किंवा दोरावर राहणाऱ्याला मागे बॅटरीचा.

दिवा पाण्यात किती टिकेल ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. आपल्या जुलैला आयपीएक्स ७ बघा, त्यात १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी असते. लाल दिवा हवाच. डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि समोरच्याच्या पांढऱ्या झोताने ती सगळी वाया जातात. काजव्यांच्या दिवसांत तर पांढरा दिवा लावूच नका, हे हात जोडून सांगतो.

आणि धुकं. दाट धुक्यात कपाळावरचा झोत डोळ्यांसमोरच पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा दिवा काढून कमरेपाशी धरायचा, की वाटेची खडी दिसू लागते. त्यामुळे हेल्मेटवरून एका हाताने सुटणारा दिवा घ्या. ज्याचा पट्टा चार खाचांत कोंबावा लागतो तो नको.

नाइट व्हिजन (अंधारात बघायचं यंत्र) लावता येईल का?

सैनिकांचे व्हिडिओ बघून हा प्रश्न हल्ली नेहमी येतो. अमेरिकी सैन्यातलं पीव्हीएस-१४ हे एका डोळ्याचं यंत्र घ्या. वजन साधारण ३५० ग्रॅम, म्हणजे आपल्या अख्ख्या हेल्मेटहून जास्त, आणि तेही डोळ्यासमोर लोंबतं. सैनिक त्यासाठी मागे वेगळं वजन लावतात, आणि त्यांच्या हेल्मेटला पुढे बिजागरीची पट्टी पक्की बसवलेली असते. आपल्या गिर्यारोहणाच्या हेल्मेटला भोक पाडून ती बसवली की चाचणीचं लेबल निरर्थक होतं.

दिसतं किती? ४० अंशांचं वर्तुळ, नळकांड्यातून बघितल्यासारखं. एकाच डोळ्यापुढे असल्याने खोली नीट कळत नाही, आणि लांबचं स्पष्ट केलं की पायाखालचं धूसर. हे यंत्र असलेला उजेड वाढवून दाखवतं. गच्च झाडीत किंवा ढगाखाली वाढवायला फारसं काही नसतं. पायरी चुकली तर जीव जाईल अशा वाटेवर साधा हेडलॅम्पच उजवा. रानात एका जागी बसून प्राणी बघायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण तिथे ते हातात धरलेलंही चालतं.

डोक्यावर बसतं का ते कसं बघायचं

भुवयांच्या वर एक बोट सोडून टेपने घेर मोजा. बहुतेक कंपन्यांचे दोन साइझ असतात, ४८ ते ५८ आणि ५३ ते ६१ सेंटिमीटर अशा धर्तीचे. ५६ भरलं तर दोन्ही घालून बघा, थंडीतल्या कानटोपीसकट. लांब केस असतील तर वेणी मानेवर खाली घ्या. अंबाडा चाकाखाली आला की हेल्मेट पुढे ढकललं जातं.

हनुवटीचा पट्टा न लावता फक्त चाक आवळा, खाली वाका आणि मान हलवा. हेल्मेट पडता कामा नये. मग पट्टा लावा, आत एक बोट जावं. बाजूच्या पट्ट्यांचा जोड कानाच्या पाळीखाली यावा. तसंच वीस मिनिटं घालून दुकानात फिरा. कपाळावर एखादाच बिंदू दुखू लागला तर तो साचा तुमच्या डोक्याचा नाही, वर स्पंज चिकटवून काही होत नाही.

मग घरी आणल्यावर, बिल जपून ठेवून, रात्री हेल्मेट, दिवा आणि भरलेली सॅक चढवा. इमारतीच्या जिन्यातले दिवे बंद करून चार मजले वर आणि चार मजले खाली या, उतरताना प्रत्येक पायरीकडे बघत. एकदाही हात हेल्मेट सावरायला वर गेला, तर दुसऱ्या दिवशी ते बदलून आणा.