लाइट स्टँड घेताना उंचीपेक्षा कॉलर बघा

हजार-बाराशेच्या आसपास मिळणारा नऊ फुटी ॲल्युमिनियमचा स्टँड हळदीच्या मांडवापासून घरच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे दिसतो. स्पीडलाइट (कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश) आणि प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री एवढ्यापुरता तो ठीक आहे. सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी लावणार असाल, तर आधी नीट तपासा. खोक्यावर छापलेलं वजन सरळ नळीवर पेलायचं असतं. 90 सेंमीचा सॉफ्टबॉक्स पुढे झुकवला की भार नळीच्या बाहेर जातो आणि तो आकडा कामाचा राहत नाही.

खरा घात होतो कॉलरमध्ये. नॉब ज्यात आवळला जातो ती कॉलर स्वस्त स्टँडला प्लास्टिकची असते. जोरात पिळली की स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी चीर जाते. मग कितीही आवळा, नळी हळूहळू खाली सरकतेच. दुकानातच नळी अर्धी वर काढा, नॉब नेहमीच्या जोराने आवळा आणि टोकावर तळहाताने दाबा. सरकली, तर तो नग नको. सगळे टप्पे काढून टोक हलवा: थोडं डुललं तर चालेल, कॉलरपाशी खडखडलं तर नाही. लाइट ज्यावर बसतो तो टोकाचा 16 मिमीचा खुंट धातूचाच हवा.

थोडे पैसे जास्त गेले तरी एअर-कुशन घ्या. नॉब चुकून सुटला तर नळी हवेवर सावकाश उतरते. स्प्रिंगवाल्यात ती धाडकन येते, स्प्रिंग फक्त शेवटचा दणका झेलते. मॅनफ्रोटोचा 1052बीएसी एअर-कुशनचा आहे, 237 सेंमी जातो, 5 किलो पेलतो आणि मिटल्यावर असे अनेक स्टँड एकमेकांना चिकटून बसतात. रोज गाडीत सामान भरणाऱ्याला हा स्टँड परवडेल. महिन्यातून एकदा शूट करणाऱ्याने ते पैसे सँडबॅगवर घालावेत.

उभा करताना पाय भरपूर फाकवा, पण मधली नळी जमिनीला टेकू देऊ नका; टेकली की पाय अधांतरी होतात. एक पाय लाइट झुकतो त्या दिशेला ठेवा, सँडबॅग मागच्या बाजूला, जमिनीला टेकेल अशी. नुसती लोंबती ठेवली तर तीच झोके घेते. पाच लिटरच्या बॅगेत पाणी 5 किलो भरतं, कोरडी वाळू जवळपास 8. सर्वांत बारीक नळी गरज पडली तरच काढा.

उघड्यावर मात्र छत्री म्हणजे शीडच. वारा असेल तर वाळूच्या भरवशावर राहू नका, स्टँड धरायला माणूस उभा करा.