टँकरने भरलेली विहीर दाखवून जमीन विकली

दूरच्या खेड्यात जमीन घेऊन तिच्यावरच पोट भरायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हाला जमीन विकणाऱ्याने ठरवून फसवलं.

जमीन उन्हाळ्यात पाहावी, विहिरीचा खरेपणा तेव्हाच कळतो, असं सगळे सांगतात. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने ऐन उन्हाळ्यातच बोलावलं आणि तुडुंब विहीर दाखवली. मोटार चालू केली, जाड धार पडली, पाच-दहा मिनिटांत बंद केली. ‘बारमाही पाणी आहे,’ म्हणाला. व्यवहार झाला आणि थोड्याच दिवसांत विहिरीचा तळ उघडा पडला. आदल्या रात्री टँकर रिकामे केले होते, हे नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. त्या दिवशीचा फोटो अजून माझ्याकडे आहे. दगडांच्या सांध्यांत उगवलेलं कोरडवाहू गवत त्यात पाण्याखाली गेलेलं दिसतं. रोज पाणी असलेल्या भिंतीवर शेवाळ धरतं, गवताचे झुपके वाढत नाहीत.

म्हणून पाण्याची पातळी पाहून काही ठरवू नका, आवक पाहा. विहीर पूर्ण उपसायला लावा, दोरीला दगड बांधून पातळी मोजा आणि रात्रभर तिथेच थांबून दर तासाला नोंद करा. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी 1 सेंटीमीटर चढली तर सुमारे 125 लिटर पाणी आलं. उलट 10,000 लिटरचा एकच टँकर तिथे जवळजवळ 80 सेंटीमीटर पाणी चढवतो, म्हणजे चार-पाच खेपांत उथळ विहीर भरल्यासारखी दिसते. 100 चौरस मीटर भाजीला कडक उन्हाळ्यात रोज किमान 500 लिटर तरी लागतं. माणसं आणि जनावरं वेगळीच. ‘उपसायची काय गरज, माझ्यावर विश्वास नाही का?’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

मातीतही तेच. घराजवळचा भाजीचा वाफा काळाभोर होता, कारण ती माती बाहेरून आणून पसरलेली होती. बाकी रानात वीतभर खाली कुदळ खणकन मुरमावर आदळते. विकणारा दाखवेल तिथे खणू नका. आपण जागा निवडा, चारी कोपऱ्यांत गुडघाभर खड्डे घ्या आणि प्रत्येक ठिकाणची माती वेगवेगळी तपासायला पाठवा.

रस्त्याचा घोळ तर अजून मिटलेला नाही. ज्या वाटेने गाडी आली ती शेजाऱ्याच्या शेतातून जाते आणि वहिवाटीचा हक्क कागदोपत्री कुठेच नाही. ते भले आहेत म्हणून आज अडवत नाहीत. उद्या त्यांनी जमीन विकली तर नवा मालक कुंपण घालू शकतो. शेजाऱ्यांना आधी भेटलो असतो तर हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं असतं. विकणाऱ्याने तशी सवडच ठेवली नाही, दर वेळी स्वतःच्या गाडीतून आणलं आणि तसंच परत नेलं.