फुल की थर्ड पार्टी? स्टिअरिंगवर दुसऱ्याचा हात असेल तेव्हा

पिकअप जुनी झालीय, बँकेचं कर्ज फिटलंय, ड्रायव्हर पगारी आहे. गाडीच्या विम्याचं रिन्यूअल जवळ आलं की एजंट विचारतो, "फुलच करू ना, दादा?" सात वर्षं मी मान हलवली. गेली तीन वर्षं हलवत नाही.

थर्ड पार्टीत फक्त समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, फुलमध्ये आपल्या गाडीचंही. बाकी तपशिलात शिरत नाही. मी फक्त दारूच्या बाजूने बघतोय. आपल्याकडे लग्नसराई, केळीच्या कटाईचे दिवस आणि भरताच्या पार्ट्या धरल्या, तर वर्षातले कोरडे दिवसच मोजावे लागतील.

मार्गशीर्षातली गोष्ट. यावलकडच्या एका मळ्यात भरताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि बांधाच्या पलीकडे जे व्हायचं तेही झालं. रात्री माणसं सोडून परत येताना आमच्या ड्रायव्हरने मोरीच्या कठड्याला गाडी दिली. दुसरं कोणी मध्ये आलं नाही हे नशीब. त्याच्या कपाळाला चार टाके पडले, गाडीचं तोंड पार आत गेलं. गॅरेजवाल्याने ₹92,000 चा अंदाज दिला. मी निर्धास्त होतो, फुल पॉलिसी होती ना.

कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि जाता जाता ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरची झेरॉक्स मागून नेली. त्यावर टाक्यांच्या वर एक ओळ होती : 'स्मेल ऑफ अल्कोहोल, प्लस', म्हणजे दारूचा वास येतोय. महिन्याभराने क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. ड्रायव्हर पारोळ्याकडचा. खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, एकच घोट लिधा व्हता."

मी भांडलो. रक्त तपासलं नाही, तोंडाला मशीन लावलं नाही, कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मग नुसत्या वासावर कसं? वकिलाने सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निकाल पुढे केला. डिसेंबर 2007 मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे फुटपाथवर आदळून पेटली होती. त्यातही तपासणी नव्हती, केसपेपरवर वासाचीच नोंद होती. न्यायालय म्हणालं, ती 30 ची रेषा फौजदारी गुन्ह्यासाठी आहे. विमा कंपनीला पॉलिसीतली अट लावताना तेवढं सिद्ध करावं लागत नाही, बाकीची परिस्थितीही बघता येते. नुसता वास म्हणजे नशा असं काही त्या निकालात नाही, आणि दुसरा कोणी आणखी लढला असता कदाचित. मी दमलो.

मला खुपलं ते पैशापेक्षा अटीचं वाक्य. मालक किंवा मालकाच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारा माणूस दारूच्या अमलाखाली असेल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळणार नाही. मी म्हटलं, तो प्यायलाय हे मला कुठं माहीत होतं? कंपनीचं म्हणणं, माहिती आणि संमती गाडी चालवण्याची, पिण्याची नव्हे. म्हणजे माझी पॉलिसी 'फुल' आहे की नाही, हे त्या रात्री पारोळ्याच्या माणसाच्या तोंडाचा वास ठरवणार.

आता थर्ड पार्टी. इथे एक गैरसमज आधी काढून टाका : ड्रायव्हर प्यायलेला असला म्हणून समोरच्या जखमी माणसाचं सहसा बुडत नाही. बऱ्याच निकालांत कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती गाडीमालक-ड्रायव्हरकडून वसूल करायची मुभा देतात. केरळ उच्च न्यायालयानेही 2023 मध्ये दारूच्याच प्रकरणात हेच केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये दारू पिऊन गाडी चालवणं हे कंपनीच्या बचावाचं कारण म्हणून थेट लिहिलंय. जुन्या 149 मध्ये ते नव्हतं.

वसुली म्हणजे काय, हे माझ्या चोपड्याच्या मावसभावाकडे बघितलं. कंपनीला वेगळा दावा लावावा लागत नाही. अपघाताचे दावे चालवणारं प्राधिकरण दाखला देतं, तो कलेक्टरकडे जातो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तहसीलची नोटीस हातात पडली तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर सातबारा काढून बघितला. मालकाची स्वतःची हयगय होती का, हा मुद्दा मांडता येतो, पण मांडायला तारखा लागतात.

आणि गंमत बघा, ही वसुली फुल पॉलिसीवाल्यालाही तशीच येते. थर्ड पार्टीचा भाग दोन्हींत एकच, त्याचा हप्ताही सरकारने ठरवलेला. आमच्या पिकअपच्या वजनगटाला 2022 पासून ₹16,049, वर कर. फुलचे जास्तीचे पैसे फक्त आपल्या पत्र्यासाठी, आणि ड्रायव्हर प्यायला की तो पत्राही गेला. हौद्यात फुकट बसवून नेलेली वऱ्हाडी मंडळी मालगाडीच्या थर्ड पार्टीत धरत नाहीत, ते वेगळंच दुखणं.

तरी फुलला नावं ठेवत नाही. गाडी नवी असेल, कर्ज असेल, किंवा स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः आणि तुम्ही न पिणारे असाल तर फुलच घ्या. चोरीला दारूची अट आड येत नाही आणि पिकअप चोरीला जातात. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर माझं गणित तुम्हाला लागू नाही. माझी वाड्यात उभी राहते.

माझा फरक सहा-साडेसहा हजारांचा पडतो. त्यातून पार्टीच्या रात्री ड्रायव्हरला ₹300 मुक्काम भत्ता देतो : गाडी मळ्यातच ठेव, सकाळी आण. पहिल्या वर्षी त्याला अपमान वाटला. आता तो आधीच गोधडी घेऊन जातो.

एक मात्र कापू देऊ नका. पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचा ₹50 चा जोडहप्ता असतो, स्वस्त करायच्या नादात एजंट तो गाळतो. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात कामगार प्यायलेला होता ही सबब इतर जखमांना चालायची, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर मालकाला ती सांगता येत नाही. पॉलिसी हातात आली की आधी ती ₹50 ची ओळ शोधा, आणि नसेल तर एजंटला तिथूनच फोन लावा.