ऑक्सफर्ड की ईटीएच झ्युरिक?

ऑक्सफर्डचं सत्र अवघं 8 आठवड्यांचं, पण त्यात उसंत म्हणून नसते. ट्युटोरियलला प्राध्यापकांसमोर दोघं-तिघंच बसतात. निबंधातला कच्चा मुद्दा तिथेच उघडा पडतो, लपायला मागचा बाक नाही. परक्या देशातून आलेल्या, बुजऱ्या मुलाला हे सुरुवातीला फार जड जातं. पण आपलं लिखाण कुणीतरी मन लावून वाचतंय, हा आधारही मोठा असतो.

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झ्युरिक या तंत्रविद्यापीठात उलट. शेकडोंच्या वर्गात रोजची चौकशी कोण करणार? पहिल्या वर्षाच्या परीक्षेत 6 पैकी सरासरी 4 हवेत. दोनदा नापास झालात की तो अभ्यासक्रम बंद. शिवाय पदवीचं शिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये. शुल्क मात्र ऑक्सफर्डपेक्षा खूपच कमी. एकटेपणा खायला उठत असेल, तर मी तरीही ऑक्सफर्डच सुचवेन.