तोंडी ठरलेला प्लॉट: खरेदीखतासाठी भांडायचं की इसार परत घ्यायचा?

भाव ठरला, इसार (आगाऊ रक्कम) दिला, साठेखत म्हणजे विक्रीचा लेखी करार राहिलं. आता भाव चढलेत आणि मालक म्हणतो, "असं काही ठरलंच नव्हतं." पुढे दोन वाटा आहेत.

खरेदीखत करून मागण्याचा दावा लावता येतो. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करार बाद नाही आणि विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातल्या (करार प्रत्यक्ष पुरा करून घेण्याचा कायदा) २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार सिद्ध झाला की न्यायालयाने तो पुरा करून द्यावा, हाच सर्वसाधारण नियम आहे. घोडं पेंड खातं ते सिद्ध करण्यात. ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ओझं खरेदीदारावर टाकलं: मुख्य अटींवर दोघांचं पक्कं एकमत झालं होतं, हे त्यानेच दाखवायचं. "बाकीचं वकिलाकडे बसून बघू" म्हणत उठला असाल, तर ती फक्त बोलणी ठरू शकतात. मध्यस्थ कोर्टात उभा राहील का, हेही आधीच विचारा. गावात खूप बोलणारे साक्षीच्या दिवशी आजारी पडतात. शिवाय उरलेली रक्कम द्यायची तयारी आणि ऐपत पहिल्यापासून होती, हे दाखवावं लागतं. ताबा घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ताब्याला संरक्षण देणारं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ लेखी, आणि २००१ पासून नोंदणीकृत, करारालाच लागू होतं.

इसार परत मागायला एवढं लागत नाही. रक्कम दिली आणि कशापोटी दिली, एवढं पुरतं. बँकेतून गेली असेल तर निम्मं काम झालं. रोखीत दिली असेल तर जपून: दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं दाव्यात म्हटलं, तर न्यायालयाने आयकर खात्याला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलंय.

माझं मत विचाराल तर किंमत, क्षेत्र, चतुःसीमा मेसेजमध्ये तरी आल्या असतील तरच पहिली वाट धरा. नाहीतर पैसे सोडवा. पहिली धरलीत तर त्याच दाव्यात "नाहीतर इसार परत" ही पर्यायी मागणी घाला, ती न मागता मिळत नाही. आधी नुसत्या पैशांचा दावा लावलात तर खरेदीखताचा रस्ता बहुतेक बंदच. खरेदीखताच्या दाव्याची मुदत तीन वर्षं: खरेदीखताची तारीख ठरली असेल तर तिच्यापासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून.